निसर्गचित्र नेमकं कुठे फसतं? या चुका टाळा

चित्र बिघडलं की आपण आधी सामानाला दोष देतो. नवा ब्रश आणतो, जाड कागद आणतो, रंगांची कंपनी बदलतो. मीही तेच केलं. पहिली चार-पाच वर्षं माझं प्रत्येक झाड उघड्या छत्रीसारखं दिसायचं. एकदा गंमत म्हणून मोजलं, तासाभराच्या बैठकीत मी झाडाकडे मान वर करून किती वेळा बघतो? नऊ वेळा. उरलेला सगळा वेळ मी कागदाकडे बघत, झाड साधारण कसं असतं ते आठवत बसलो होतो.

सगळ्यात मोठी चूक हीच: माहीत आहे ते काढणं. यातून थोर माणसंही सुटलेली नाहीत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररने १५०३ मध्ये रानगवताचा एक लहानसा तुकडा जलरंगात रंगवला. गवताची पाती, डँडेलायन या रानफुलाची मिटलेली फुलं, खालच्या मातीत दिसणारी मुळं, सगळं इतकं नेमकं की आजही वनस्पती ओळखता येतात. याच माणसाने १५१५ मध्ये गेंडा काढला. भारतातून लिस्बनला पोचलेला तो गेंडा त्याने स्वतः पाहिलाच नव्हता. कुणाचं तरी रेखाटन आणि लेखी वर्णन यांवरून काम भागवलं. त्या गेंड्याच्या खांद्यावर एक जादा शिंग उगवलं आहे. हात तोच होता, गेंडा मात्र समोर नव्हता.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. दर दोन-तीन रेषांनंतर वर बघा. पहिली दहा मिनिटं पेन्सिल उचलूच नका.

आता हिरवा. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा फासला की झाड प्लॅस्टिकचं दिसतं, ही तक्रार सगळ्यांचीच असते. उन्हातलं एकच पान हातात धरा आणि नीट बघा. वरच्या तुकतुकीत बाजूवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं, तिथे ते हिरवं नसून निळसर पांढुरकं असतं. तेच पान सूर्याच्या आड धरलं की ऊन त्यातून आरपार येतं आणि पान पिवळं पेटल्यासारखं होतं. शेजारच्या पानाची सावली पडते तिथे गडद, थोडं निळ्याकडे झुकलेलं. पान उलटं केलं की फिकट, राखाडी. एका पानाचे हे चार हिरवे. झाडाला पानं हजारो. म्हणून पिवळा आणि निळा घेऊन हिरवा स्वतः मिसळा, फार भडक झाला तर बर्न्ट सिएनाचं, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचं, किंचित बोट लावा. कागदाच्या पट्टीवर ती छटा लावून पट्टी थेट झाडासमोर धरा आणि एक डोळा मिटून ताडून बघा. पहिल्यांदा धरली तेव्हा मला माझीच लाज वाटली होती.

फांद्यांचंही तसंच. बहुतेकांच्या फांद्या गाजरासारख्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. प्रत्यक्षात फाटा फुटेपर्यंत फांदीची जाडी जवळजवळ तीच राहते, फाट्यानंतर एकदम उतरते. लिओनार्दो दा विंचीने तर टिपून ठेवलंय की एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. एवढं सांभाळलं तरी निम्मं झाड सुधारतं.

उन्हात बसलात तर घाई करा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दुपारी जेवून परत बसलात की सावल्या भलतीकडेच गेलेल्या असतात आणि मग चित्रात दोन सूर्य उगवतात. सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच आखून घ्या, नंतर त्यांना हात लावू नका. फ्रेंच चित्रकार मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवत होता, तेव्हा तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याला इतकं जमणार नाही, पण दोन तासांत उठायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत यायचं, हे जमतं. नवख्यांनी ढगाळ दिवस निवडावा. लोक तो वाया गेला म्हणतात, पण प्रकाश स्थिर मिळतो.

फोटोवरून काढायला माझी सरसकट हरकत नाही. फक्त फोन एकतर सावल्या काळ्या करतो, नाहीतर सगळं सारखंच उजळून टाकतो. वर त्याच्या रुंद लेन्समुळे डोळ्यांना भव्य वाटलेला डोंगर टेकडीएवढा होतो. फोटो आकार आठवायला ठेवा, रंग जागेवरच लिहून घ्या.

दूरचा डोंगर पुढे आल्यासारखा वाटतो? तो जास्त गडद झालाय, किंवा तुम्ही त्यावर झाडं मोजत बसलात. डोळे किलकिले करा. जे दिसेनासं होईल ते काढू नका. रंगांचा चिखल होतो? ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या न वाळलेल्या थरावर, हात चालवलात. थांबा. बस.

राहिली वही. इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे ढीगभर अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिली. कीटकांची चित्रं काढणारी मारिया सिबिला मेरियन तर सुरवंट स्वतः पाळायची, त्याच्या खाण्याच्या झाडासकट काढायची. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यासाठी ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. आपण मात्र एका जागी एकदा जातो आणि ‘झालं’ म्हणून निघतो. तीच जागा पुन्हा पुन्हा काढा, तारीख टाका.

मी एक झाड वर्षभर काढलं. पानगळीत अकराव्यांदा समोर बसलो तेव्हा दिसलं: डावीकडची जी फांदी मी इतके महिने ऐटीत मुख्य म्हणून काढत होतो, ती मागच्या झाडाची होती.