माणगा लावणं सोपं, तोडणं शिकावं लागतं

कोकणात बांधावर आणि परसात बिनकाट्याचा, सरळसोट बांबू दिसला की तो बहुतेक माणगा असतो. बुंध्याकडे जवळजवळ भरीव, म्हणून वजन पेलतो. याला कधीमधी फुलोरा आला तरी बी धरत नाही, तेव्हा बियांच्या रोपांच्या नादी लागू नका. लागवड कंदापासून करायची.

कंद काढायची वेळ म्हणजे मृगाच्या तोंडावर. बेटाच्या कडेची, गेल्या पावसात आलेली काठी निवडा. दोन-तीन पेरं ठेवून वरचा भाग तिरका छाटा. मग बाजूची माती हळूहळू उकरत जा. कंद जुन्या काठीला जिथे जोडलेला असतो तिथे बारीक मान दिसते, ती एका घावात तोडायची. ओढून उपटायचं नाही. कंदाच्या दोन्ही बाजूंना खवल्यांनी झाकलेले चपटे डोळे असतात. पुढच्या काठ्या त्यांतूनच येणार, आणि पहारीचा हलका धक्काही त्यांना पुरतो. कंद ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावा.

खड्डा 60 सेंमी लांब, रुंद आणि खोल, तळाला शेणखत. दोन खड्ड्यांत 5 मीटर ठेवले तर हेक्टरी 400 बेटं बसतात. पाणी तुंबणारी जागा टाळा. पहिली दोन वर्षं गुरांपासून राखण आणि उन्हाळ्यात पाणी, एवढं पुरे.

पहिल्या वर्षी करंगळीएवढ्या काठ्या येतात आणि लोक हिरमुसतात. त्या नंतर जाड होतील म्हणून वाट पाहू नका. बांबूचा कोंब ज्या जाडीने जमिनीतून वर येतो, ती जाडी तेवढीच राहते; काही महिन्यांत उंची पुरी होते, संपलं. जाड काठी हवी तर कंद पोसला पाहिजे. म्हणून दर पावसाळ्याआधी बुंध्याला मातीची भर घालायची, नाहीतर कंद उघडे पडतात.

चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोडणी. खरी बेटं इथेच बिघडतात. कडेची काठी हाताशी असते, म्हणून तीच तोडली जाते. पण नवे कोंब कडेलाच येतात आणि त्यांना पोसणारी काठीही तीच. आत जुन्या काठ्यांचा असा गुंता होतो की कोयता फिरत नाही. आमच्या एका बेटाचं मीच असं वाटोळं केलं होतं. उपाय असा की एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट काढायची आणि आतल्या जुन्या काठ्या तिथून ओढायच्या.

तोडायची ती तीन वर्षांची जून काठी. ती ओळखायची कशी? कोवळ्या काठीला कोंबाची पापुद्र्यासारखी आवरणं चिकटलेली असतात. जून काठीवर करडे डाग पडतात. तरी शंका असेल तर कोयत्याच्या पाठीने ठोका. कोवळी ‘थप’ वाजते, जून ‘टण’.

तोडणी दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत. पावसात कोंब मोडतात, म्हणून तेव्हा बेटाला हात लावू नका. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या बरोबर वर करवतीने कापा. वर खोलगट वाटी राहिली तर पाणी साचून बुंधा कुजतो. खासगी जमिनीवर बांबू तोडायची पूर्वी जी धास्ती असायची ती आता उरलेली नाही. भारतीय वन कायद्याच्या 2017 सालच्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतूनच वगळला आहे.

तोडलेल्या काठीत पिष्ट असतं, त्याला भुंगेरे लागतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. काठ्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे दगडाखाली दाबून ठेवा, मग सावलीत उभ्या वाळवा. वास येतो, तो सहन करा.

बुंध्याकडचा भरीव भाग खांब, शिडी, फर्निचरला. मधला मांडवाला आणि आंबे उतरवायच्या झेल्याला. शेंडा वेलांना आधार द्यायला. टोपल्यांच्या कामट्यांना मात्र जून काठी नको, एक-दीड वर्षाची ओली काठीच चांगली वाकते.