मिसळीच्या गावात, दूध-पनीरही न खाता अंग कसं भरावं

व्यायामाचं आधी उरकतो. आठवड्यातून 3-4 दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रो हे वजन उचलायचे व्यायाम; उचलायचं वजन हळूहळू वाढवत न्यायचं. नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर रोज दहा चकरा मारून अंग भरत नाही. झोप सात तास तरी हवी.

खरी गोची ताटात आहे: मांस-अंडी नाहीत, दूध-पनीरही नाही. ‘डाळ खा रे, भरपूर प्रोटीन असतं’ हा सल्ला मी वर्षभर पाळला आणि दंड होते तसेच राहिले. पातळ वरणाच्या वाटीत प्रोटीन जेमतेम 5 ग्रॅम. अंग भरायला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96. करा हिशोब, एकोणीस वाट्या वरण! मग मी मोडाची मटकी दोन्ही वेळा भरभरून खाऊ लागलो. पोट असं फुगायचं की जिममध्ये सगळ्यांसमोर स्क्वॉटला बसायची भीती वाटायची.

चूक मोजण्यात होती. 100 ग्रॅम मटकीत 23 ग्रॅम प्रोटीन असतं ते कोरड्या मटकीत. मोड आले की वजन वाढतं ते पाण्याचं. म्हणून छोटा वजनकाटा घ्या आणि भिजवण्याआधी मोजा. अंदाजपंचे चालत नाही.

आता माझा रोजचा आधार म्हणजे सोया वडी. कोरडी 50 ग्रॅम घेतली की 26 ग्रॅम प्रोटीन. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, घट्ट पिळा, गार पाण्यात टाकून पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळायचा कंटाळा केलात तर तो उग्र वास रश्शात उतरतो आणि घरचे पातेल्याला हात लावत नाहीत. जोडीला टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर), मूठभर फुटाणे, एक वेळ उसळ. हे सगळं तीन-चार जेवणांत वाटा. तरीही कमी पडलं तर सोया किंवा वाटाण्याची प्रोटीन पावडर घ्या, त्यात कमीपणा नाही. कडधान्यं मात्र आठवड्या-आठवड्याने वाढवा, पोटाला सवय होऊ द्या. शेंगदाणे जपून: 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रोटीन, पण साडेपाचशेच्या वर कॅलरी.

मांस-अंडी-दूध काहीच नाही, म्हणून बी-12 जीवनसत्त्वाची गोळी लागतेच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि रविवारची मिसळ? खा की. मी तर्री कमी, मटकी जास्त मागतो, फरसाण अर्धंच. दुसऱ्या पावाला नाही म्हणणं अजून जमलेलं नाही.