एका पेडलवर गाडी चालवताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्रासारखी काम करू लागते, चाकांच्या फिरण्यातून तयार झालेली वीज बॅटरीत जाते आणि त्यासाठी लागणाऱ्या जोरामुळेच गाडीचा वेग उतरतो. ब्रेक न दाबता नुसता पाय उचलून वेग कमी करण्याची ही सवय आठवडाभरात अंगवळणी पडते. पुढे होणाऱ्या बहुतेक चुका या सवयीतूनच होतात, कारण पाय उचलल्यावर मिळणारा हा रोध बॅटरीच्या त्या वेळच्या स्थितीवर अवलंबून असतो आणि नेमके तेच चालक विसरतो.

डोंगरमाथ्यावर रात्रभर चार्जिंग करून, १०० टक्के भरलेल्या बॅटरीनिशी सकाळी घाट उतरायला काढणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते, त्यामुळे गाडीची संगणकीय यंत्रणा मोटरचा रोध जवळजवळ बंद करते आणि काल ज्या वळणाआधी नुसता पाय उचलून भागले होते, तिथे आज गाडी तशीच पुढे धावते. १६०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २.२ युनिट ऊर्जा मोकळी होते; त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांत खर्ची पडतो. ४० युनिटांच्या बॅटरीत उरलेली सगळी ऊर्जा सामावायची, तरी पाच-सहा टक्के जागा पुरते. म्हणून उतार पुढे असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवावे. कडाक्याच्या थंडीतही असाच अनुभव येतो: गार पडलेल्या लिथियम-आयन बॅटरीत झपाट्याने वीज भरली तर तिचे नुकसान होते, त्यामुळे पहिले काही किलोमीटर रोध कमी मिळतो. हा बिघाड नव्हे. बॅटरी तापली की रोध पूर्ववत होतो.

पाय झटक्यात उचलणे ही चूक चालकाला जाणवत नाही, शेजारी बसलेल्याला जाणवते; प्रत्येक सिग्नलला त्याची मान पुढे झुकते आणि वळणावळणाच्या रस्त्यावर त्याला मळमळू लागते. पेडलच्या प्रवासात एक जागा अशी असते की तिथे गाडी ओढतही नाही आणि अडतही नाही. ती तळपायाला सापडली की मोकळ्या रस्त्यावर गाडी तशीच घरंगळू द्यावी. चालकाने निवडलेली रोधाची पातळी जितकी जास्त तितकी रेंज (एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर) जास्त, हा समज चुकीचा आहे, कारण वीज बॅटरीत जाताना आणि पुन्हा बाहेर येताना, दोन्ही वेळा काही ऊर्जा वाया जाते.

मागच्या वाहनाला आपण वेग कमी करत आहोत हे दिसते का, याचा विचार फारसा कोणी करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे, पाय उचलल्याने येणारे मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंद यापेक्षा जास्त असेल तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे, ०.७ किंवा त्याहून कमी असेल तर तो लागता कामा नये, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय निर्मात्याचा असतो. मागचे वाहन जवळ असताना ब्रेक पेडलला हलका स्पर्श करावा, हे उत्तम. निसरड्या रस्त्यावर मात्र रोधाची पातळीच कमी करावी, कारण मोटरचा रोध फक्त तिला जोडलेल्या चाकांवर पडतो आणि एकाच बाजूची, म्हणजे पुढची किंवा मागची चाके घसरू शकतात.

अचानक कोणी आडवे आले की पाय उचलून थांबण्याची वाट पाहू नये. पाय ब्रेकवरच गेला पाहिजे. मोकळ्या मैदानात याचा सराव मुद्दाम करावा.

राहता राहिले खुद्द ब्रेक. कमी वापरामुळे डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, रोध सर्वांत कमी ठेवून दोन-चार वेळा ब्रेक जोरात दाबावेत. हलके दाबल्यास अनेक गाड्यांत तेही काम मोटरच करते आणि पॅड डिस्कला टेकतच नाहीत. सकाळची खरखर दोन-चार ब्रेकनंतर गेली तर तो वरवरचा गंज होता. ती टिकून राहिली किंवा एकच चाक गरम लागू लागले, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला आहे का हे तपासून घ्यावे. पॅड कोरे दिसतात म्हणून ब्रेक ऑइल बदलणे पुढे ढकलू नये, कारण ते गाडी उभी असतानाही ओलावा शोषत असते.