१८३९ च्या अफू-जप्तीचा वाद कसा अभ्यासावा

चीनमधील कँटन बंदरात जप्त झालेल्या अफूचा वाद अभ्यासताना पेट्यांची मालकी नेमकी केव्हा बदलली, हे सर्वप्रथम निश्चित करावे. अफूचा व्यापार मोडून काढण्यासाठी चिनी सम्राटाने पाठवलेले आयुक्त लिन झेशू यांनी अफू मागितली होती ती व्यापाऱ्यांकडे. परंतु २७ मार्च १८३९ रोजी ब्रिटिश व्यापार-अधीक्षक चार्ल्स इलियट यांनी तीच अफू ब्रिटिश सरकारच्या नावाने स्वतःकडे मागून घेतली आणि मग ती लिन यांच्या हवाली केली, त्यामुळे चोरट्या मालाचे धनी एका फटक्यात आपल्याच सरकारचे धनको होऊन बसले. वादाची खरी मेख इथेच आहे, म्हणून इलियट यांचा जाहीरनामा सावकाश, शब्दन् शब्द वाचावा. त्यांनी कबूल केलेला आकडा २०,२८३ पेट्यांचा होता. ३ जूनपासून कँटनजवळच्या हुमेन येथे हा माल पाणी, मीठ आणि चुना घातलेल्या खड्ड्यांत नष्ट करण्यात आला.

त्यानंतर ब्रिटन आणि चीन यांच्यातील पहिले अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहाचे चौथे कलम पाहावे. अफूची किंमत म्हणून ६० लाख डॉलर चीनवर लादले गेले, म्हणजे लंडनने आपले देणे सरळ चीनच्या माथी मारले. माल कुठला, हेही तपासावे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईकर व्यापाऱ्यांचा पैसा या व्यापारात गुंतलेला होता.