कौटुंबिक न्यायालयात तारखेला जाताना अर्धं पान सोबत ठेवा

घटस्फोटाच्या तारखेला घशात हुंदका असतो आणि साध्या तारखाही आठवत नाहीत. माझ्या बहिणीला अर्ध्या पानाने फार आधार दिला.

१. आदल्या रात्री त्यावर एवढंच लिहा: लग्नाची तारीख, वेगळे राहू लागलात तो दिवस, मुलांच्या जन्मतारखा, पोटगी कधी आणि किती मिळाली किंवा दिली. वर १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या खटल्याचा ओळख क्रमांक.

२. पुकारा झाला की न्यायाधीशांकडे पाहून बोला, विचारलं तेवढंच. समोरून धडधडीत खोटं आलं तरी जोडीदाराकडे वळू नका, मध्ये तोडू नका. पानाच्या मागे मुद्दा लिहून वकिलांकडे सरकवा. हे सगळ्यात अवघड, पण रागाच्या भरात निघालेलं एक वाक्य पुढे फार महागात पडतं.

३. फोन बंद. निघण्याआधी पुढची तारीख त्याच पानावर.

साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र न्यायाधीशांना विचारल्याशिवाय कागद पाहू नका. आणि तडजोडीच्या अटींवर तिथल्या तिथे, न वाचता सही तर मुळीच करू नका. वाचायला वेळ मागता येतो.