वाईट दिवसांत येशूवरचा विश्वास जगायचा कसा, जरा प्रॅक्टिकल बोलू

नोकरी गेलेली असते, घरात कुणीतरी आजारी असतं किंवा आत्ताच कुणाचं तरी दफन उरकून आपण घरी आलेलो असतो आणि त्यात चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी भेटून सांगतं, अहो प्रभूमध्ये आनंद करा, वचन आहे ना! वचन आहे, खरंय. पण ते लिहिताना येशूचा प्रेषित पौल स्वतः कैदेत होता, हे सांगायचं मात्र राहून जातं. ते वचन ज्यात आहे ते बायबलमधलं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र चारच अध्यायांचं आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. आनंदाचा विषय त्यात सारखा येतो आणि त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरायला टेकला होता तेव्हाचंही लिहिलंय, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं असं पौल सरळ कबूल करतो. म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्या माणसालाही रडू येत होतं. हे एकदा डोक्यात बसलं की बरंच ओझं उतरतं, कारण मग हसरा चेहरा करून चर्चला जायची सक्ती उरत नाही.

तर सुरुवात तक्रारीपासून करा, मी सिरियसली सांगतेय. आपल्याकडे प्रार्थना म्हटली की आधी धन्यवाद, मग स्तुती आणि मग हळूच विनंती अशी सवय लागलेली असते. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून १३ वं स्तोत्र बघा, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा देवाला विचारलंय की अजून किती वेळ. शेवटी विश्वासाचं वळण येतं पण ते शेवटी येतं, आधी नाही. आणि ज्यांना तेवढंही वळण जमत नाहीये त्यांच्यासाठी ८८ वं स्तोत्र आहे, ते तर संपतंच अंधारात, तरी बायबलमधून ते कुणी काढून टाकलं नाही. ही दोन्ही मोठ्याने वाचायची, मनातल्या मनात नको. मग एक साधी वही घ्यायची आणि त्याच थाटात स्वतःचं लिहायचं. देवा, तू कुठे आहेस, हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, तो का गेला, जे असेल ते. भाषा चर्चची नको, घरातली चालेल. वही कुणाला दाखवायची नाही.

बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं उत्तर समजायचं, हे मात्र टाळा. थर्टीफर्स्टच्या उपासनेत मिळालेलं वर्षाचं वचन कार्ड फ्रिजवर जरूर लावा, छान वाटतं, पण वचनाच्या मागचा पुढचा अध्यायही वाचा. मोबाइलवर रोज चाळीस वचनं फॉरवर्ड होतात, त्यापेक्षा एकच स्तोत्र आठवडाभर वाचलेलं जास्त आत जातं.

दुसरं म्हणजे शरीर. बायबलमधल्या १ राजे पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला संदेष्टा एलीया आठवा, झुडपाखाली बसून देवाला म्हणतो बस झालं, आता मरण दे. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. तो त्याला उठवून गरम भाकर आणि पाणी देतो, एलीया खाऊन परत झोपतो, मग देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. देवाशी बोलणं त्यानंतर. म्हणून रात्री दोन वाजता जागून आपल्या आयुष्याचा उद्देश काय हे ठरवू नका, जेवा आणि झोपा.

आणि एकट्याने करू नका. मंडळीला नुसतं 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढं सांगितलं तर प्रार्थना होते, डबा येत नाही. पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळातल्या एखाद्या मावशींना नेमकं सांगा, मंगळवारी डायलिसिसला सोबत कुणी येईल का, पोरांना संडे स्कूलला कुणी नेईल का. लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. आणि तुम्ही दुसऱ्याकडे भेटायला गेलात तर बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांची गोष्ट लक्षात ठेवा, सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. देवाची काहीतरी योजना असेल, हे वाक्य दफनाच्या दिवशी प्लीज नको.

आता उद्देशाचं. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात, आणि त्यांची गोष्ट आपण फार पटकन गोड करून सांगतो. दुष्काळातल्या वणवणीत आई-वडील गेले, बहीण गेली, १८८० मधे भाऊ, १८८२ मधे नवरा कॉलऱ्याने, पदरात लहान मुलगी मनोरमा. १८८३ मधे इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्याच साक्षीत आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे त्यांना उमगायला त्यानंतर आठेक वर्षं लागली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भुकेने माणसं कशी मरतात हे त्यांनी लहान वयात घरातच पाहिलं होतं. पण म्हणून देवाने त्यांचे आई-वडील या कामासाठी नेले असं म्हणायचं का? मला नाही वाटत तसं. दुःख आधी दुःखच होतं, वीसेक वर्षांनी त्यातली ओळख दुसऱ्याच्या कामी आली, एवढंच मी म्हणेन.

म्हणून माझ्या आयुष्याचा देवाचा उद्देश काय, असला मोठा प्रश्न घेऊन बसू नका, छोटा विचारा, मला जे भोगावं लागलं ते आत्ता आजूबाजूला कोण भोगतंय. कॅन्सरच्या वॉर्डात महिने काढले असतील तर नव्या पेशंटच्या घरच्यांना कुठला फॉर्म कुठे द्यायचा हे तुमच्याइतकं कोण सांगेल? नवरा गेल्यावर पेन्शनसाठी खेटे घातलेली बाई दुसऱ्या विधवेसोबत एक चक्कर मारू शकते. आठवड्यातून एक माणूस, एक फोन, पुरे. स्वतःचं अगदी ताजं असेल तर तेही नको, थांबा. आणि हे करताना कधीतरी लक्षात येतं की आज आपण खूप वेळाने हसलो, त्याचं गिल्ट घेऊ नका.

कॅथलिक मंडळींसाठी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) किंवा माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेचं एक बरं असतं, शब्द आधीच तयार असतात, आपल्याला सुचत नसेल तरी तोंड चालू राहतं. प्रोटेस्टंट घरात हेच काम गीतं करतात, कुटुंब प्रार्थनेत एक कडवं म्हटलं तरी चालतं, सूर कसाही लागो.

सगळ्यात शेवटी एक कडक सूचना. बरं व्हायचं असेल तर अमुक दान द्या, गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतोय, असं कुणी स्टेजवरून म्हणत असेल तर तिथून उठा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगावंसंच वाटत नाही असं चालू असेल तर प्रार्थनेसोबत मानसोपचार डॉक्टर हवेतच, आणि सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ ही फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीतून बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, घरातल्या अजून एकाच्या मोबाइलमधेही.