घाटवाटांवरच्या भटकंतीसाठी वॉकी-टॉकी: निवड आणि वापर

वीस-पंचवीस जणांचा गट घाटवाटेने चढू लागला की सर्वांत पुढचा वाटाड्या आणि मागची पिछाडी सांभाळणारा यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर सहज पडते. मोबाईलला रेंज नसलेल्या अशा टापूत शिट्टी आणि हाका यांवरच भिस्त ठेवायची नसेल, तर वॉकी-टॉकीची एक जोडी फार उपयोगी पडते. मात्र ती विकत घेताना बहुतेक जण खोक्यावर छापलेले किलोमीटर वाचतात, आणि नेमकी तीच गोष्ट सर्वांत कमी महत्त्वाची असते.

आधी पाहायचा तो कायदा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणारे अल्पशक्तीचे संच २०१८च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. पण त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ मिळालेले असावे लागते. विक्रेत्याकडे त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, आणि त्याने टाळाटाळ केल्यास दुसरे दुकान पाहावे. हव्या त्या वारंवारतेवर लावता येणारे पाच वॅटचे संच ऑनलाइन सहज दिसतात. ते दिसतात म्हणून ते चालवण्याची मुभा आहे असे समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशाच विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. ज्यांना अधिक शक्तीचे संच रीतसर वापरायचे आहेत त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा, म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओचा, मार्ग खुला आहे. त्याची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. परंतु परवाना बोलणाऱ्या दोघांकडेही असावा लागतो, आणि पैसे घेऊन सहली काढणाऱ्यांनी आपल्या व्यवसायासाठी हॅमच्या लहरी वापरणे नियमात बसत नाही.

आता त्या किलोमीटरांविषयी. या लहरींची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असते आणि त्या जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. सपाट मोकळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाजवळच्या संचाचे क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर येते, म्हणून दोघांचे मिळून दहाच्या आसपास. तेही मध्ये झाड, घर, उंचवटा काही नसेल आणि संचाची शक्ती पुरली, तर. याउलट एक जण कड्याच्या माथ्यावर आणि दुसरा समोरच्या मोकळ्या पठारावर असेल, तर अर्ध्या वॅटचा संचही चकित करणारे अंतर गाठतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र एक वळण घेतले की आवाज तुटू लागतो, कारण दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती असतात. शक्ती दसपट केली तरी मध्ये आलेला डोंगर हटत नाही. सह्याद्रीत अंतर वाढवण्याचा खरा उपाय म्हणजे वीस पावले बाजूला जाऊन सोंडेवर उभे राहणे, आणि तो फुकट आहे.

म्हणून पैसे शक्तीवर न घालवता बांधणीवर घालवावेत. पावसाळ्यात चालायचे असेल तर आयपी६७ दर्जाचा संच घ्यावा. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशा चाचणीतून गेलेला असतो. बटणे ओल्या बोटांनी आणि न पाहता दाबता यायला हवीत. अंगभूत लिथियम बॅटरीचा संच पॉवर बँकेवर चार्ज होतो, तर पेन्सिल सेलवर चालणाऱ्या संचाचे सेल गडाखालच्या गावातल्या दुकानातही मिळू शकतात. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी माझी पसंती दुसऱ्याला आहे. ‘प्रायव्हसी कोड’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. तो कोड लावल्याने इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकता येते. दोन संचांवर वेगवेगळे कोड लागले तर चॅनेल एकच असूनही एकमेकांचे ऐकू येत नाही, आणि ‘संच बिघडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

वापरताना पहिली सवय लावायची ती थांबण्याची. बटण दाबल्याबरोबर बोलू लागल्यास पहिला शब्द कापला जातो, आणि ‘नको’ हा पहिला शब्द असेल तर उरलेल्या वाक्याचा अर्थ उलटा होतो. म्हणून बटण दाबावे, क्षणभर थांबावे, संच तोंडापासून चार-पाच बोटे दूर आणि अँटेना उभी ठेवून नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले: ‘पिछाडी, पिछाडी, आघाडी बोलतोय, ओव्हर.’ एका वेळी एकालाच बोलता येत असल्याने ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, आणि ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले. चित्रपटांत ऐकू येणारे ‘ओव्हर अँड आउट’ त्यामुळे स्वतःलाच खोडणारे आहे. आकडे आणि दिशा समोरच्याकडून परत म्हणवून घ्याव्यात. ‘डाव्या वाटेने या’ यापेक्षा ‘दगडी टाक्याजवळ थांबा, पुढे येऊ नका’ असे सांगणे सुरक्षित, कारण डावी बाजू ज्याची त्याची वेगळी असते.

निघण्यापूर्वी पायथ्याशीच चॅनेल, कोड आणि पर्यायी चॅनेल ठरवून दोन्ही संच शंभर पावलांवरून तपासावेत. शेजारी उभे राहून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. संपर्क तुटल्यास काय करायचे तेही तेव्हाच ठरवावे: मी सुचवेन की दर अर्ध्या तासाला ठरलेल्या वेळी दोघांनीही मोकळ्या जागी येऊन पाच मिनिटे ऐकावे, आणि सलग दोन वेळा उत्तर आले नाही तर आघाडीने जागीच थांबावे. घरी परतल्यावर संच पुसून वाळवावा आणि पुढची सहल दूर असेल तर सेल काढून ठेवावेत, कारण आत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरले की पट्ट्या गंजतात.